उलटं बांधलेलं पान

प्रकाशकाला मी जे पत्र लिहिलं त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. बाकी अख्खं पत्रच चुकीचं होतं, पण ते कळायला मला चार दिवस लागले.

झालं असं, की माझ्या बावन्नाव्या वाढदिवसाला लेकीने मला एक पुस्तक दिलं. लेक पोहायला शिकवते. पुस्तकांशी तिचा संबंध तलावावरच्या नियमांच्या पाटीपुरता. तरी दोन वर्षं खपून, कुठल्या कुठल्या जुन्या पुस्तकवाल्यांना फोन करून तिने ते मिळवलं होतं. दोरखंडाच्या कारखान्यातल्या बायकांचे चौसष्ट फोटो. कारखाना बंद पडायच्या आधीचं शेवटचं वर्ष एक छायाचित्रकार बाई रोज तिथे जात होती, तिने काढलेले. फोटोंखाली ओळ नाही, पानाला आकडा नाही. विसाव्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात हे पुस्तक माझ्या हाती लागलं नसतं, तर आज मी कुठल्यातरी कचेरीत शिक्के मारत बसले असते. हे मी प्रत्येक मुलाखतीत सांगते, त्यामुळे घरात सगळ्यांना ते पाठ आहे.

मी वरचा कागद फाडला, पुस्तक छातीशी धरलं, लेकीचा मुका घेतला. मग उघडलं. आठव्या पानापर्यंत आले आणि म्हणाले, "हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"क्रम! सगळा क्रमच बदललाय मेल्यांनी."

दोन वर्षं शोधून आणलेल्या वस्तूला आईने पहिला शब्द दिला तो 'चुकलंय'. तिचा चेहरा कसा झाला ते मला दिसलंही नाही. माझी ही जुनी खोड आहे. कॅमेऱ्यातून मला जगातल्या सगळ्यांचे चेहरे दिसतात, समोर बसलेल्या आपल्या माणसाचा तेवढा दिसत नाही.

त्या क्रमाचं मला एवढं काय, ते सांगायला हवं. सिनेमा करण्याआधी मी सिनेमे बघत नाही, फोटोंची पुस्तकं बघते. कपाटाचे तीन कप्पे त्यांनीच भरलेत. एक पुस्तक नुसत्या न्हाव्यांच्या दुकानांतल्या आरशांचं आहे. वाट बघणारा माणूस न दाखवता त्याचं वाट बघणं कसं दाखवायचं, ते मी त्यातून शिकले. दुसऱ्यात एकाच खिडकीचे अकरा वर्षांतले फोटो आहेत. त्याच्यामुळे मी कॅमेरा हलवायचं सोडलं, आणि तेव्हापासून माझे कॅमेरामन जांभया देत काम करतात. पण दोरवाल्या बायकांचं पुस्तक म्हणजे मूळ. ते विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ग्रंथालयात बसून मी त्यातला एकेक फोटो वहीत काड्यापेटीएवढ्या चौकोनात पेन्सिलीने उतरवून घेतला होता, समोरासमोरची पानं तशीच समोरासमोर. प्रत्येक सिनेमाआधी मी ती वही काढते आणि चौसष्ट चौकोन पुन्हा नव्याने काढते. चित्रं गचाळ येतात. पण हात चालायला लागला की डोळाही चालायला लागतो.

वहीत असं आहे: सुरुवातीला डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई दिसते, एका पानाच्या दोन्ही बाजूंना, स्टुलावर बसून दोर वळताना. मग ती नाहीशी होते. बाकीच्या बायका जेवतात, हसतात, भांडतात, आणि मधूनमधून ते रिकामं स्टूल दिसत राहतं. अगदी शेवटच्या पानावर तिची पाठ येते. पान उलटलं की चेहरा, थेट आपल्याकडे बघणारा. पहिल्यांदा ते पान उलटलं तेव्हा मी ग्रंथालयाच्या फरशीवर बसून रडले होते. बाई गेली आणि परत आली! माणूस दाखवायचं, काढून घ्यायचं, आणि बघणाऱ्याला त्याच्या नसण्याची सवय होते न होते तोच परत आणायचं. माझे सातही सिनेमे या एका गोष्टीवर उभे आहेत. आणि त्या शेवटच्या पानाचा समास! बाकी सगळ्या पानांना पांढरी पट्टी आत, शिवणीकडे. या एकाच पानाला ती बाहेरच्या कडेला. "बघा, परत आलेल्या बाईला तिने कसं उंबरठ्यावर उभं केलंय," असं मी विद्यार्थ्यांपुढे त्या समासावर तास तास बोलले आहे. विद्यार्थी बिचारे लिहून घेत.

लेकीने आणलेल्या पुस्तकात मात्र रुमालवाली बाई पाचव्या पानापासून आठव्यापर्यंत सलग चार फोटोंत होती. आठव्यात ती पाठ फिरवून चालू लागते, ती गेलीच. समास सगळीकडे आत, शहाण्यासारखे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी मी प्रकाशकाला लिहिलं, की या नंतरच्या आवृत्तीत तुम्ही एका थोर पुस्तकाचं वाटोळं केलं आहे, आणि ज्या गाढवाने हा क्रम लावला त्याला फोटोतलं ओ की ठो कळत नाही.

त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्याला कारण होतं. आठवा सिनेमा अडला होता. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीवरचा सिनेमा. तळघरात पाच बायका दिवसाला हजारभर चादरी धुतात, वाळवतात, इस्त्री करून घड्या घालतात. त्यांची म्होरकी एक धिप्पाड बाई होती. वाफेच्या इस्त्रीवर उभी असायची आणि स्वतःही फुसफुसायची, म्हणून सगळ्या तिला 'इंजिन' म्हणत. चाळीस दिवसांचं चित्रीकरण ठरलं होतं. अकराव्या दिवशी इंजिन कामावरून घरी गेली आणि बाराव्या दिवशी आली नाही. हृदय बंद पडलं. एकोणीस वर्षांत तिने रजा घेतली नव्हती, त्यामुळे तिच्या जागी कोण उभं राहायचं हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

पुढचे एकोणतीस दिवस आम्ही चित्रीकरण केलं, पण सिनेमा तिचा होता आणि ती पहिल्या पाव तासात संपत होती. निर्मात्याने त्यावर तोड काढली: सुरुवातीलाच तिचा फोटो, खाली दोन तारखा, मागे व्हायोलिन. म्हणजे पहिल्याच मिनिटाला तिला मारून टाकायची आणि पुढे तासभर रडायचं. मी नाही म्हणाले. "मग महिनाअखेरपर्यंत तुम्ही करून दाखवा," तो म्हणाला, "नाहीतर मी दुसऱ्याकडून कापून घेतो." हातात बारा दिवस होते. बारा दिवसांत मला ते जमलं नाही, तर इंजिन कायमची व्हायोलिनखाली गाडली जाणार होती. आणि मला एकच खेळ येत होता, माणसाला परत आणायचा. हिला आणू कुठून? दिवस इकडचे तिकडे करायचे नाहीत, जे जसं घडलं तसंच दाखवायचं, हा माझा पहिल्यापासूनचा नेम. दोरवाल्या बायकांच्या पुस्तकातही बाई खरोखर गेली होती आणि खरोखर परत आली होती, अशी माझी पक्की समजूत होती.

चौथ्या दिवशी प्रकाशकाचं उत्तर आलं. फार सभ्य होतं. पुस्तकाचा क्रम पहिल्या आवृत्तीपासून बदललेला नाही. छायाचित्रकार बाई आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, प्रत्येक आवृत्तीची पानं त्या स्वतः तपासतात. क्रमही त्यांनीच लावलेला आहे. आपलं पत्र आम्ही त्यांना वाचून दाखवलं.

म्हणजे ते गाढव कोण, ते कळलं.

मी ते उत्तर लेकीपुढे टाकलं. तिने वाचलं आणि हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. "आई, आता तरी विचार कर. जगात सगळी पुस्तकं एकसारखी आणि तुझं एकटीचं वेगळं. तर मग चुकलेलं कुठलं असेल?"

"ग्रंथालयातलं," मी पुटपुटले.

"हां. आणि मला सॉरी कधी म्हणणार आहेस?"

मी सॉरी म्हटलं. आधी तिला, मग पत्राने त्या बाईंना. दुसऱ्या पत्राचं उत्तर आलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. लेकीचं मात्र मी कायमचं देणं लागते. ती ते पुस्तक हट्टाने शोधत बसली नसती, तर मी मरेपर्यंत त्या समासावर बोलत राहिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. नव्या ग्रंथपालाने संगणकात बघून सांगितलं, की ती प्रत आठ वर्षांपूर्वीच बाद झाली. "पण दुरुस्तीच्या जुन्या वह्या आहेत," तो म्हणाला आणि चार वह्या आणून समोर ठेवल्या. तिसरीत सापडलं: 'दोरखंड, छायाचित्रे. डिंक सुकून सर्व पाने सुटी. नव्याने बांधले.' खाली सही, वळणदार, शाळेतल्या बाईंसारखी.

सही बघूनच ओळखलं. खळमावशी! ग्रंथालयाच्या मागे दुरुस्तीची एक खोली होती, तिथे खळीच्या डेऱ्यापाशी त्या बसत. सगळं कॉलेज त्यांना खळमावशीच म्हणे. तीन वर्षांत त्या माझ्याशी एकच वाक्य बोलल्या होत्या, तेही रोज: "हात धुऊन ये."

ग्रंथपालाने पत्ता दिला. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर दुसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. सत्त्याहत्तरीच्या, ताठ, चष्म्याला दोरी. मी ग्रंथालयातून आले म्हटल्याबरोबर त्यांनी दाराची कड घट्ट धरली.

"माझ्याकडे तिथलं काही नाही हं. कैचीसुद्धा परत करून आले मी."

"मावशी, मी काही मागायला नाही आले. दोरवाल्या बायकांचं एक पुस्तक होतं, फोटोंचं..."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. मला आत बोलवायचंही त्या विसरल्या. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "शेवटी कळलं म्हणायचं कुणाला तरी. बत्तीस वर्षं झाली. मला वाटलं होतं, मी मेल्यावर कळेल."

मग आम्ही आत बसलो. त्यांनी चहा केला, आणि बशी खणखणू नये म्हणून दोन्ही हातांनी आणला. पुस्तक त्यांच्याकडे आलं तेव्हा डिंक पार सुकला होता, उघडताच पत्त्यांसारखी पानं घरंगळली. आकडे नाहीत. बघायला दुसरी प्रत नाही. मोठ्या साहेबांना, म्हणजे तेव्हाच्या ग्रंथपालांना, शनिवारपर्यंत हवं होतं. "साहेबांना विचारायला हवं होतं मी. पण विचारलं असतं तर म्हणाले असते, पाडलीत कशाला? मग मीच लावली, जशी सुचली तशी. साहेबांनी उघडूनसुद्धा बघितलं नाही. तरी धास्ती गेली नाही हो. म्हणून ते सगळ्यात खालच्या कप्प्यात, शेतीच्या जाडजूड ग्रंथांमागे सरकवून ठेवलं. कुणाच्या हाती लागू नये म्हणून."

आणि तिथेच, पंख्याखाली जागा नव्हती म्हणून फरशीवर बसलेल्या माझ्या हाती ते लागलं होतं.

"पण मावशी, जशी सुचली तशी म्हणजे कशी?" मी वही काढून त्यांच्यासमोर उघडली. "रुमालवाली बाई पहिल्यांदा येते, मग जाते. रिकामं स्टूल. आणि शेवटी हे पान. हे पान तुम्ही उलटं बांधलंय. समास बाहेर गेलाय. तुमच्यासारख्या बाईला ते दिसलं नाही, असं मी मानणार नाही."

त्यांनी माझे गचाळ चौकोन बोटाने एकेक करून बघितले. मग म्हणाल्या, "दिसलं होतं. मुद्दाम केलं."

दुरुस्तीच्या खोलीत तेव्हा दोघी होत्या. खळमावशी चिकटवायच्या आणि समोर बसून दुसरी शिवायची. सतरा वर्षं दोघी समोरासमोर. त्या वर्षी शिवणारी आजारी पडली. तिचं स्टूल रिकामं राहिलं, तेव्हा ग्रंथालयवाले ते न्यायला आले. "मी त्याच्यावर खळीचा डेरा ठेवला," खळमावशी म्हणाल्या. "म्हटलं, आता न्या बघू. चार महिने डेरा स्टुलावर आणि मी वाकून वाकून काम करते."

"मग त्या परत आल्या?"

"कुठली! हे पुस्तक माझ्या हातात होतं, त्याच आठवड्यात गेली. गुरुवारी. आणि शनिवारी पुस्तक द्यायचं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "पानं लावता लावता हे पान राहिलं होतं. सरळ लावलं तर आधी तोंड, मग पाठ. बाई निघून जाते आणि पुस्तक संपतं. माझा हातच धजेना. म्हटलं, आमची नाही आली, पण हिला कशाला घालवायची? हिला काय झालंय? पान फिरवलं. आधी पाठ, मग तोंड. आली परत. चूक ती चूकच. कुणीतरी जीव ओतून केलेलं पुस्तक, आणि मी आपलं माझ्या रडण्यापायी उलटसुलट करून ठेवलं."

बत्तीस वर्षं मी ज्या हाताला नमस्कार करत होते, तो हात समोर बशी धरून बसला होता आणि माफी मागत होता. मी सरळ सांगून टाकलं. "मावशी, मी सात सिनेमे केले ते या चुकीवर केले. मला जे काही येतं ते तुम्ही शिकवलंत. मी आभार चुकीच्या पत्त्यावर पाठवत होते, एवढंच."

"वेडी आहेस का? मी खळ लावणारी बाई." पण त्यांनी मला पुन्हा कॉलेजातल्यासारखं अगं-तुगं केलं होतं, आणि मला ते फार बरं वाटलं.

मग मी त्यांना इंजिनबद्दल सांगितलं. नेम, निर्माता, व्हायोलिन, उरलेले दिवस, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या सगळे फोटो घेऊन ये. आणि हात धुऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या संकलकाला घेऊन गेले. त्याला सगळे 'कात्री' म्हणतात. माणूस मितभाषी, पण बोलला की कापतो. सिनेमातल्या दोनशे दृश्यांची आम्ही पत्त्यांएवढी चित्रं छापून नेली होती. खळमावशींनी दोघांचे हात तपासले, पलंगावरची चादर ताणून बसवली, आणि एक चित्र उचलून उलटं केलं.

"हिच्या मागे काय आहे?"

"मागे काही नसतं मावशी," कात्री म्हणाला. "हे सुटं दृश्य आहे. कुठेही लावता येतं."

"असं कसं? पानाला पाठ असतेच. एक बाजू बसवली की दुसरी आपसूक बसते, ती तुझ्या हातात नसते. म्हणून तर बांधणाऱ्याला मनाला येईल ते करता येत नाही." मग त्यांनी कपाटातून खळ काढली. खरंच! घरात अजून करून ठेवलेली होती. जी दोन दृश्यं एकामागोमाग घडली होती, त्यांची चित्रं पाठीला पाठ चिकटवायला लावली. दोनशे दृश्यांची शंभर पानं झाली. "आता लावा. हलवायचं तर अख्खं पान हलवायचं. फाडायचं नाही."

आम्ही चार दिवस लावत होतो. कात्री पहिल्या दिवशी कुरकुरला, दुसऱ्या दिवशी जेवायचं विसरला. पान हलवलं की त्याची दुसरी बाजू भलतीकडेच काहीतरी उजळून टाकायची. घड्या घालणाऱ्या बायकांच्या हसण्यामागे इंजिनचा हात निघायचा, तिच्या रिकाम्या जागेमागे नळाखाली पाय धुणारी, पाचांतली सगळ्यात धाकटी. चौथ्या दिवशी कात्रीने खिशातून आणखी दोन चित्रं काढली. "ही टाकून दिलेली आहेत. दहाव्या दिवसाची. ती आपल्यावरच खेकसते म्हणून वगळली होती." एकात इंजिन रिकामा गाडा ढकलत बोळातून जाते, पाठमोरी. दुसऱ्यात भरलेला गाडा घेऊन सरळ कॅमेऱ्यावर चालून येते.

खळमावशींनी ती पाठीला पाठ चिकटवली आणि शेवटी ठेवली.

"मॅडम, ही फसवणूक होईल," कात्री म्हणाला. "बाई बाराव्या दिवशी गेली. हे दहाव्या दिवसाचं आहे."

मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण तो माझाच नेम मला सांगत होता. खळमावशीच म्हणाल्या, "ती जिवंत झाली असं कुठे म्हणतोय आपण? ती गेली हे मधे सांगितलंय की, लाँड्रीतल्या दोघी रडतात तिथे. नंतर ती नुसती येते. अरे, माणूस गेल्यावर येतोच की. रोज येतो." मग म्हणाल्या, "पण तिच्या बायकांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर काढा. मला त्या वेळी विचारायला कुणी नव्हतं."

महिनाअखेरीला दोन दिवस राहिले असताना निर्मात्याने सिनेमा बघितला. दिवे लागले तरी तो बसून होता. मग उठला आणि म्हणाला, "व्हायोलिन नको मग." त्याच्याकडून याहून जास्त कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की लाँड्रीतल्या बायकांनी बघेपर्यंत काम संपलेलं नाही. त्यातल्या एकीने जरी नकारार्थी मान हलवली, तरी शेवट मी स्वतः काढून टाकेन, मग सिनेमा लंगडा झाला तरी बेहत्तर.

रविवारी दुपारी, यंत्रं बंद असताना, आम्ही तळघरातच पडदा लावला. पडद्याला चादर, झरोक्यांवर चादरी. त्यांची तिथे काय कमी! पाचातल्या उरलेल्या चौघी आल्या, त्यांच्याबरोबर इंजिनचा नवरा आणि तिची बहीण. गाड्यांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी बाकं मांडली होती, सगळे पाय पसरून बसले. खळमावशी लेकीच्या शेजारी होत्या. सुरुवातीला श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं, 'बांधणी' या शब्दापुढे. लेकीने त्यांना कोपराने ढोसलं. त्यांनी चष्मा लावलाच नव्हता, तो डोळ्यांवर चढवेपर्यंत नाव गेलं होतं.

सिनेमा चालू झाला आणि माझं पडद्याकडे लक्षच नव्हतं. मी त्या चौघींकडे बघत होते. इंजिन दिसली तेव्हा त्या ओरडल्या, एकमेकींना चापट्या मारल्या. ती गेली तेव्हा गप्प झाल्या. इंजिनचा नवरा मान खाली घालून बसला, आणि मला वाटलं, मी हे काय करून बसले? रिकामी इस्त्री आली, घड्या आल्या, भांडणं आली, धाकटीने इस्त्री धरायला शिकून हात पोळून घेतला. चाळीस मिनिटं. बायका हळूहळू पुन्हा हसायला लागल्या होत्या. इंजिनची कुणाला आठवण राहिली नव्हती असं नाही, पण तिच्यावाचून काम चाललं होतं.

मग बोळ दिसला. रिकामा गाडा ढकलणारी रुंद पाठ, लांब जात जात वळणावर नाहीशी झाली. बाकांवर कुणी हललं नाही. वळणावरून आधी वाफ आली, मग चादरींचा ढीग, मग त्याच्यामागे लालबुंद चेहरा, सरळ आमच्या अंगावर.

"झालं का तुमचं? व्हा बाजूला! गरम आहे!"

आणि दोन्ही बाकांवरच्या सगळ्यांनी एकदम पाय आत ओढून घेतले. चौघींनी, बहिणीने, नवऱ्याने. खळमावशींनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनीही. मीही. गाडा पुढे निघून जाईपर्यंत कुणी पाय बाहेर काढले नाहीत.